डब्यातली पहिली फ्लॉपी

महिपत नागवेकरची ओळख मी करून द्यावी असं ज्यांनी ठरवलं, त्यांना माझा स्वभाव ठाऊक नसावा. पत्रिका घरी आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. वर महिपतचं नाव जाड ठशात, आणि खाली कोपऱ्यात, 'परिचय : श्री. विनीत शेट्ये'. मारुती मंदिरजवळ चौतीस वर्षं 'शेट्ये कॉम्प्युटर्स'ची पाटी आहे. अर्ध्या रत्नागिरीने माउस पहिल्यांदा हातात धरला तो माझ्या क्लासमध्ये. आणि आता गावातलं एक कॉलेज जुन्या संगणकांचं दालन उघडतंय, तर त्याच्या मधोमध, काचेच्या टेबलावर, मान कुणाला? महिपतच्या आंब्याच्या पेटीला.

माझ्या पोटात दुखलं. सरळच सांगतो, आडपडदा कशाला ठेवायचा? माझ्या पोटात गेली तीस-पस्तीस वर्षं दुखतंच आहे आणि त्याला औषध नाही.

दालनाचं सगळं बघणारी अक्षया पावसकर त्या कॉलेजात शिकवते. कधी काळी माझीच विद्यार्थिनी. ती फोनवर म्हणाली, "सर, उद्घाटनाला फीत वगैरे कापायची नाही. महिपतकाका ती पेटी सगळ्यांसमोर सुरू करणार. तेच उद्घाटन."

"होईल सुरू?" मी विचारलं.

"काका म्हणाले, फ्लॉपी लागेल. बघतो कुठं हाय ती, म्हणाले."

मी फोन ठेवला आणि कपाटाकडे बघितलं. कारण त्या पेटीला जागं करणारी फ्लॉपी माझ्या कपाटात होती. लग्नाच्या अल्बमच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत. पंचाण्णव सालच्या जानेवारीत मी ती महिपतच्या दुकानातून चोरली होती.

आता ओळखच करून द्यायची आहे तर पहिल्यापासून करून देतो.

महिपत आणि मी शाळेत एका बाकावर. त्याचे वडील खलाशी, मोठा भाऊ दादू परदेशी बोटींवर. घरात समुद्रावर न गेलेला हा एकटाच, कारण याला होडीत बसलं की उलटी होते. अभ्यासात मी पहिल्या पाचात आणि तो शेवटच्या दहात, हे मी इथे मुद्दाम नमूद करतो. आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून त्याने मांडवीच्या रस्त्याला एक गाळा घेतला. खुर्चीवर तो कधी बसत नसे. जमिनीवर पाट, समोर उघडलेला टीव्ही, डाव्या हाताला तपकिरीची डबी. गिऱ्हाइकाशी बोलायची पद्धत अशी, की दुसरा कुणी असता तर दुकान महिन्यात बंद पडलं असतं. "टीव्ही बरा हाय तुझा. घरातला वायरिंग सडलाय, तो बघ आधी," असं म्हणून आल्या पावली माणसाला परत पाठवायचा आणि पैसेही घ्यायचा नाही. लोक मात्र त्याच्याकडेच जायचे. हे मला तेव्हापासूनच कळत नाही.

एक्याण्णव साली मी मुंबईहून दोन कॉम्प्युटर आणले. टू एटी सिक्स, सोळा मेगाहर्ट्झ. खोलीला एसी बसवला, जमिनीवर लिनोलियम घातलं, दाराशी 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी लावली. दोन्ही मशिनांना हार घातले. सगळं गाव बघायला आलं. महिपतही आला, चपला घालून.

पडद्याकडे त्याने बघितलंही नाही. मशीनच्या मागे जाऊन वाकला आणि म्हणाला, "आत कुठला प्रोसेसर?"

"टू एटी सिक्स," मी छाती काढून सांगितलं.

"जरा थांबायचा होतास रे. थ्री एटी सिक्स आलाय."

हार अजून ताजे होते! उदबत्ती विझली नव्हती! त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला तो कायमचा.

पुढे दोन वर्षांनी दादूने सिंगापूरहून एक मदरबोर्ड आणला. बोटीवरच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला म्हणून जुना भंगारात निघाला होता, त्याचं पोट याने कपड्यांत गुंडाळून बॅगेत टाकलं होतं. थ्री एटी सिक्स. डबा नव्हता, म्हणून महिपतने तो बोर्ड देवदाराच्या आंब्याच्या पेटीत बसवला. फळ्यांमध्ये फटी असतातच, त्यामुळे हवा आपसूक खेळायची. माझा एसी बंद पडला की माझी मशिनं तापून रुसायची आणि याची पेटी मे महिन्यात दार उघडं टाकून चालायची. वेगही तोच, सोळा मेगाहर्ट्झ. मी चारचौघांत म्हणालो, "सोळा ते सोळाच. आंब्याच्या पेटीत घातलं म्हणून हापूस होत नाही." लोक हसले. महिपतही हसला, हे वाईट.

चौऱ्याण्णवच्या शिमग्याला दादू सुट्टीवर आला तो बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा घेऊन. आत बिस्किटं नव्हती, चोवीस फ्लॉप्या होत्या. रॉटरडॅमला त्याच्या ओळखीच्या एका वायरलेसवाल्याने भरून दिल्या होत्या. त्यावर लिनक्स होतं.

आज हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा मी तो ऐकलाही नव्हता. युनिक्स ऐकलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या मशिनांवर चालणारी, आपल्याला न परवडणारी प्रणाली, एवढंच. महिपतने सांगितलं, की अमेरिकेत काही माणसं बरीच वर्षं तसलंच काहीतरी सगळ्यांसाठी मोकळं करायच्या खटपटीत होती. भांडी सगळी तयार झाली होती, चूल तेवढी राहिली होती. फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या थ्री एटी सिक्सवर ती मांडली आणि जगाला सांगून टाकलं, घ्या, वापरा, बिघडलं तर दुरुस्त करा आणि मलाही कळवा.

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट ती गोष्ट वेगळी. आतला सगळा लिहिलेला दिसतो. टीव्हीचा मागचा झाकण काढून दिल्यासारखा."

मग त्याने पेटी सुरू केली. तिची हार्ड डिस्क जुनी, तिच्या पहिल्या भागाला कधीतरी मार बसलेला, त्यामुळे प्रत्येक वेळी सुरुवात करावी लागे ती पहिल्या फ्लॉपीवरून. ती घातली, ड्राइव्ह खरखरला, आणि हिरव्या पडद्यावर ओळी धावायला लागल्या. शेवटी मशीनने नाव विचारलं. महिपतने आपलं नाव टाकलं. नंतर वायरीने जोडलेल्या दुसऱ्या एका जुन्या पडद्यावर दादूने आपलं टाकलं. दोन माणसं एकाच मशीनवर, एकाच वेळी, आपापलं काम करत होती. माझ्या क्लासमध्ये एकाने टाइप करताना दुसरा त्याच्या मागे उभा राहायचा.

मी घसा खाकरला. "माझ्या टू एटी सिक्सवर चालेल?"

"नाय चालायचा." त्याने चिमूटभर तपकीर ओढली. "तुझ्यातसुद्धा मेर हाय, पण कच्ची. एका कुणग्यातला पाणी फुटला की सगळा भात आडवा. ह्याच्यात दर कुणग्याला पक्की मेर. एका प्रोग्रामचा पाणी दुसऱ्यात जात नाय. म्हणून त्या पोराने हाच प्रोसेसर धरला."

कुणगा म्हणजे भाताचं लहान शेत आणि मेर म्हणजे त्याचा बांध, हे माझ्यासारख्या दुकानदाराच्या पोरालाही समजलं. इतकं सोपं करून सांगितलं याचाच मला राग आला. मी माझ्या क्लासमध्ये प्रोसेसर शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची.

"हवी तर ने डिस्का," तो म्हणाला. "नवीन मशीन घेशील तेव्हा होतील."

मला ते लागलं. माझ्या मशीनवर चालणार नाही असं सांगून वर 'ने' म्हणतोय! मी म्हणालो, "आम्हाला असल्या फुकट्या गोष्टींची गरज नाही," आणि चपला घालून बाहेर पडलो.

तो डबा तेव्हापासून दुकानाच्या फळीवर असायचा. तळाशी भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी, म्हणजे फ्लॉप्यांना दमट हवा लागू नये. आपल्याकडे पावसात चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी येते, फ्लॉपीचं काय घेऊन बसलात. त्या वर्षी मे महिन्यात महिपत माझ्याकडे कोऱ्या फ्लॉप्या घ्यायला आला. तीन खोकी मागितली.

"एवढ्या कशाला रे?"

"आगोट भरायची हाय."

मी मोठ्याने हसलो. आगोट म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवायची बेगमी. घराघरात तेव्हा मिरच्या, मीठ, सोडे, सुके बोंबील डब्यांत भरायचं काम चाललेलं असतं. मला वाटलं, थट्टा करतोय. त्यानंतर दर मे महिन्यात तो तीन खोकी न्यायचा आणि मी दर वेळी त्याच्या मागे म्हणायचो, "नागवेकर बोंबील भरायला आले होते."

आता चोरी.

मिरकरवाड्यातल्या मच्छीमारांच्या एका संस्थेला कॉम्प्युटर हवा होता. चार कारकुनांनी चार टेबलांवर बसून एकाच वेळी काम करायचं, अशी त्यांची अट. त्यांनी मला बोलावलं आणि कुणीतरी महिपतचंही नाव सुचवलं. दोघांनी एकाच दिवशी येऊन आपापलं दाखवायचं ठरलं. माझ्याकडे काय होतं? दोन मशिनं आणि मधल्या मध्ये फ्लॉपी घेऊन पळणारा मी. महिपतच्या पेटीला चार पडदे जोडले की त्यांचं काम झालं होतं. क्लासला तेव्हा नऊ मुलं उरली होती. राजश्री, माझी बायको, म्हणत होती, "सरळ किराणा दुकान घाला." हे काम गेलं असतं तर पाटी उतरवावी लागली असती. आणि पाटी उतरली असती तर गावात कॉम्प्युटरवाला म्हणून उरला असता तो एकटा.

आदल्या दिवशी दुपारी मी मांडवीला गेलो. दुपारी महिपत जेवायला घरी जातो आणि दुकान बंद करत नाही, दारात फक्त स्टूल आडवं टाकतो. मी स्टूल ओलांडलं. फळीवरचा डबा काढला, 'एक' आकडा लिहिलेली फ्लॉपी शर्टाच्या खिशात टाकली आणि डबा होता तसा ठेवला. दोन मिनिटं लागली असतील. घरी शर्ट धुवायला घेताना राजश्रीला खिशात भाजलेले तांदळाचे दाणे सापडले.

"हे काय?"

"कुणाच्या तरी मुंजीतल्या अक्षता."

"भाजलेल्या?" ती एवढंच म्हणाली आणि शर्ट बादलीत टाकला. पुन्हा कधी तिने विचारलं नाही, पण विसरलीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो. महिपत आलाच नाही. अर्धा तास वाट बघून त्यांनी काम मला दिलं. त्या कामाने माझा क्लास तरला. पुढे शाळा आल्या, पतपेढ्या आल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. मी महिपतच्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. वर्षभरात दादूने त्याला नवीन मशीन आणून दिलं असं ऐकलं, म्हणजे पेटी गप्प पडली असा मी अर्थ लावला. महिपत रस्त्यात भेटला की "काय विन्या" म्हणायचा, मी मान हलवायचो. तो फ्लॉपीबद्दल अवाक्षर बोलला नाही. मला वाटायचं, याला काहीच कळलेलं नाही. आणि कधी कधी वाटायचं, हरलाय, म्हणून गप्प आहे. दुसरं मला जास्त आवडायचं.

पण हरलेल्या माणसाने हरल्यासारखं वागावं की नाही? सहा-सात वर्षांपूर्वी पुण्याहून माझ्या मुलीचा, दीपालीचा फोन आला. मोठ्या कंपनीत आहे ती, हजारो सर्व्हर, सगळे लिनक्सवर चालणारे.

"बाबा, तुमच्या वर्गात कुणी महिपत नागवेकर होते का? एका जुन्या प्रोग्रामच्या आभारांच्या यादीत नाव आहे. पुढे चक्क 'रत्नागिरी' लिहिलंय!"

नंतर कळलं ते असं. एका ऑक्टोबरात वीज पडली आणि महिपतच्या मशीनची पडद्यांना वायर जोडायची चिप अर्धवट जळली. नवीन चिप मिळेना. मग या गृहस्थाने आतला कोड वाचून काढला आणि अर्धी जळलेली चिपसुद्धा सांभाळून घेईल अशी दुरुस्ती केली. कागदावर छापली, पाकिटात घातली, आणि दादूने ते पाकीट अँटवर्पच्या पोस्टात टाकलं. तिकडच्या लोकांना ती उपयोगी पडली. दीपाली फोनवर नुसती चिवचिवत होती. "बाबा, तुम्ही त्यांना ओळखता? खरंच?" माझ्या इतक्या वर्षांच्या क्लासबद्दल तिने असं कधी विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "ओळखतो. टीव्ही दुरुस्त करतो तो."

आणि आता हे दालन.

मी बेत आखला. फ्लॉपी खिशात घेऊन जायचं. महिपत डबा उघडणार, त्यात पहिली फ्लॉपी नसणार. तीनशे माणसांसमोर तो घामाघूम होणार. दोन मिनिटं, फार तर तीन, मी बसून राहणार. मग उठायचं, शांतपणे पुढे जायचं आणि म्हणायचं, "महिपत, ही बघ, माझ्याकडे होती, जपून ठेवली होती." पेटी सुरू होणार ती माझ्या हाताने. फोटोत मी. चोरीची वाच्यता नाही, उलट उपकार. मला माझंच कौतुक वाटलं.

सदरा घालताना राजश्रीने खिशावर हात ठेवला. चौकोनी काहीतरी तिच्या हाताला लागलं.

"परत देणार आहात?"

"देणार आहे."

"सगळ्यांसमोर की आधी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी चष्मा पुसायला घेतला.

हॉल भरला होता. महिपत पांढरा शर्ट घालून आला होता आणि तोच बिस्किटांचा डबा काखेत होता. मी परिचयाला उभा राहिलो. चांगला बोललो. बाकावरच्या आठवणी सांगितल्या, त्यात तो शेवटच्या दहात होता हेही आलं. पेटीबद्दल म्हणालो, "हे यंत्र एकेकाळी चाललं होतं. आज चालेल की नाही, ते महिपतच जाणे." लोक हसले. मी पहिल्या रांगेत येऊन बसलो आणि खिशावर हात ठेवला.

महिपत पेटीसमोर मांडी घालून बसला. टेबलावरच्या वस्तूसमोर जमिनीवर बसलेला माणूस बघून पोरं फोन वर करून फोटो काढायला लागली. अक्षया खाली वाकून म्हणाली, "काका, खुर्ची आणू?" त्याला ऐकूच आलं नाही. मग तो उठला, डबा उघडला, तांदळांची पुरचुंडी बाजूला केली आणि एक फ्लॉपी काढली. शर्टाला पुसून ड्राइव्हमध्ये घातली.

ड्राइव्ह खरखरला. मी त्या आवाजाने जागचा हललो. हिरव्या ओळी धावायला लागल्या, एकामागून एक, अगदी तशाच. कुठेतरी थांबतील, मी मनात म्हणत होतो, आता थांबतील. थांबल्या त्या नाव विचारण्यापाशी. महिपतने दोन बोटांनी आपलं नाव टाकलं.

टाळ्या काय वाजल्या! माझ्या शेजारी बसलेले प्राचार्य उभे राहिले, म्हणून मलाही उभं राहावं लागलं. मी टाळ्या वाजवल्या आणि प्रत्येक टाळीला खिशातली फ्लॉपी छातीवर आपटत होती.

चहाच्या वेळी मी त्याला व्हरांड्याच्या कोपऱ्यात गाठलं. त्याच्या हातात बटाटावडा होता.

"महिपत, पहिली फ्लॉपी तुझ्याकडे कुठून आली?"

"कुठून म्हणजे? आगोटीची."

"कसली आगोट?"

"तुझ्याकडनंच तर कोऱ्या न्यायचो दर मे महिन्यात! पावसाआधी सगळ्या नवीन भरून ठेवायच्या, नायतर बुरशी खाते. घरची आगोट आईच्या शिंक्यावर, सोड्यांच्या बरणीशेजारी. दुकानातला डबा तो वाटायचा."

"वाटायचा?"

"येईल त्याने न्यायचा, उतरून घ्यायचा, आणून ठेवायचा. कोण आणायचा, कोण नाय आणायचा. मी भरून टाकायचो परत."

माझ्या घरातही आगोट भरली जायची. माझ्या आईने एकाच बरणीवर कधी पावसाळा काढला नाही. तीस वर्षं मी ही गोष्ट कपाटात ठेवली आणि मला, कोकणातल्या माणसाला, एवढंही सुचलं नव्हतं.

मी खिशातून फ्लॉपी काढून त्याच्यासमोर धरली. "ही मी चोरली होती. तुझ्या दुकानातून. मिरकरवाड्यातल्या संस्थेत तुझी पेटी सुरू होऊ नये म्हणून. आदल्या दिवशी, दुपारी, तू जेवायला गेला होतास."

त्याने वडा संपवला, बोटं पँटला पुसली आणि फ्लॉपी उजेडात धरली. "चोरलीस कशाला? मी तर तुला ने म्हणालो होतो."

"मग त्या दिवशी तू आला का नाहीस?"

"कुठल्या दिवशी?"

"संस्थेत! पंचाण्णवच्या जानेवारीत! अर्धा तास तुझी वाट बघत बसले होते सगळे!"

तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. कपाळाला आठ्या घालून, खाली बघत. मी तो दिवस तीस वर्षं रोज जगलो होतो. त्याला तो सापडत नव्हता.

"जानेवारी म्हणतस," तो शेवटी म्हणाला. "अमावास्येची ओहोटी असेल मग. भाट्याच्या खाडीत कालवं काढायला गेलो असेन. मोठी ओहोटी मी सोडत नसे तेव्हा." आणि माझ्याकडे बघून, जरा काळजीने, "काय झाला? मिळाला ना तुला काम?"

"मिळालं."

"मग झाला तर."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. मी जिंकलो होतो, चोरी करून का होईना, पण जिंकलो होतो. आणि हा माणूस त्या वेळी गुडघाभर पाण्यात, हातात कोयती घेऊन कालवं फोडत होता. ज्याला हरवलं म्हणून मी उभा होतो तो मैदानात आलाच नव्हता.

तो मात्र फ्लॉपीची सरकती पट्टी मागे करून आत बघत होता. "बुरशी धरलीय रे. कपाटात ठेवलीस काय? तांदूळ घालायचे होते." मग तो मला तसाच सोडून आत गेला. मी दारातून बघितलं. पेटीसमोर बसून त्याने डब्यातून एक कोरी फ्लॉपी काढली, अक्षयाला काहीतरी समजावलं, ड्राइव्ह पुन्हा खरखरला. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन फ्लॉप्या होत्या.

"ही घे नवीन. पुढच्या मे महिन्यात परत आण, भरून देतो." जुनीही त्याने माझ्या हातात ठेवली. "ही टाकून दे. नाय चालायची आता."

मी घरी आलो. नवीन फ्लॉपी राजश्रीने माझ्या हातातून घेतली, थोडे तांदूळ कढईत भाजले, गार केले, फडक्यात बांधले आणि फ्लॉपी त्यांच्यासकट एका डब्यात ठेवली. मग जुनीकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि ती?"

"ती टाकायची नाही," मी म्हणालो.

दिलेली डब्यात आहे. चोरलेली मी पुन्हा कपाटात ठेवली, अल्बमच्या मागे. ती आता चालत नाही, पण महिपतने न देता त्याच्याकडून घेतलेली माझ्याकडे तेवढी एकच वस्तू होती, आणि तीही तो मला 'ने' म्हणून बसला होता.